‘कोहेन’ : एका आडनावामागील याजकपरंपरा

वृत्तपत्रे, पुस्तके आणि दूरचित्रवाणी यांतून ‘कोहेन’ हे आडनाव आपल्या कानांवर अनेकदा पडते. कवी आणि गायक लिओनार्ड कोहेन (१९३४-२०१६) कॅनडाचा. १९६५ साली दमास्कस येथे फाशी गेलेला इस्राएलचा गुप्तहेर एली कोहेन जन्माने इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा. १९९७ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवणारे क्लोद कोहेन-तानुजी अल्जीरियात जन्मलेले. तिघांचे देश वेगळे, मातृभाषा वेगळ्या, घराण्यांचा एकमेकांशी ज्ञात संबंध नाही. आडनाव मात्र एकच. आज इस्राएलमध्ये सर्वाधिक आढळणारे आडनाव हेच आहे. त्याखालोखाल ‘लेवी’ या आडनावाचा क्रमांक लागतो.

या नावाचा अर्थ काय? ते कोणाला लागते? आणि आपणां कॅथोलिक भाविकांना त्याची माहिती असण्याचे कारण काय? या तीन प्रश्नांची उत्तरे येथे देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दाचा अर्थ

‘कोहेन’ हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ ‘याजक’ असा आहे. मराठी बायबलच्या जुन्या करारात जेथे जेथे ‘याजक’ हा शब्द आपण वाचतो, तेथे मूळ हिब्रूत बहुतेक सर्व ठिकाणी ‘कोहेन’ असते. त्याचे अनेकवचन ‘कोहनीम’. प्राचीन फिनिशियन शिलालेखांतही याजकासाठी याच धातूचा शब्द आलेला आहे. अरबी भाषेत त्याचे भावंड ‘काहिन’ होय. मात्र तेथे त्याचा अर्थ भविष्य सांगणारा असा झाला. काही अभ्यासक या शब्दाचा संबंध ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. ते मत मान्य केले, तर कोहेन म्हणजे देवासमोर सेवेसाठी उभा असलेला मनुष्य.

निर्गम ग्रंथाच्या २८ व्या अध्यायात मोशेचा भाऊ अहरोन आणि त्याचे पुत्र यांना याजकपदासाठी वेगळे करण्यात आले. तेव्हापासून हे पद पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागले. अहरोन लेवीच्या वंशातील असल्यामुळे प्रत्येक कोहेन हा लेवीवंशीय असतो, परंतु प्रत्येक लेवीवंशीय कोहेन नसतो. मंदिरातील अर्पणे, धूप जाळणे आणि लोकांना आशीर्वाद देणे ही कोहेनांची कामे, तर गायन, पहारा आणि अन्य साहाय्य ही लेव्यांची. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात याजकांचे २४ वर्ग सांगितले आहेत. हे वर्ग पाळीपाळीने मंदिरात सेवा करीत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या वंशाला वतन म्हणून जमीन मिळाली नाही. इतर वंशांना प्रदेश वाटून देण्यात आले. याजकांचा वाटा म्हणजे स्वतः परमेश्वर, असे गणना ग्रंथ सांगतो. लोकांनी आणलेल्या अर्पणांतील हिश्श्यावर त्यांची उपजीविका चाले. म्हणजे ‘कोहेन’ हे नाव मुळात एका सेवेचे नाव होते.

पदाचे आडनाव कसे झाले?

बायबलच्या काळात आजच्यासारखी आडनावे नव्हती. मनुष्य आपल्या पित्याच्या किंवा गावाच्या नावाने ओळखला जाई. याजकाच्या नावापुढे ‘हाकोहेन’ अशी जोड लावली जाई, परंतु ती पदवी होती. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. वेदी गेली, अर्पणे थांबली, वर्गांच्या पाळ्या संपल्या. याजकाचे मुख्य काम ज्या ठिकाणी होई ते ठिकाणच उरले नाही. तरीही पिता आपल्या पुत्राला, “आपण कोहेन आहोत,” हे सांगत राहिला. काम थांबले, पण ओळख थांबली नाही.

पुढे युरोपातील शासनांनी यहुदी प्रजेला कायमची आडनावे घेण्यास भाग पाडले. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ साली, नेपोलियनने १८०८ साली आणि प्रशियाच्या राजाने १८१२ साली तसे आदेश काढले. कर, सैन्यभरती आणि नोंदवही यांच्या सोयीसाठी हे आदेश होते. तेव्हा अनेक याजक कुटुंबांनी आपली जुनी पदवीच आडनाव म्हणून लिहवून घेतली.

एक नाव, अनेक रूपे

यहुदी लोक ज्या ज्या देशांत विखुरले, तेथील उच्चारांप्रमाणे हे नाव बदलत गेले. जर्मन भाषिकांत ‘कोन’ आणि ‘कान’ झाले. रशियन भाषेत ‘ह’ हा वर्ण नसल्यामुळे त्या जागी ‘ग’ आला आणि ‘कोगान’, ‘कागान’ ही रूपे तयार झाली. अरामी भाषेतील रूपावरून ‘कहाना’ आणि ‘कहाने’ आले. ‘काट्झ’ हे आडनाव पुष्कळदा ‘कोहेन त्सेदेक’, म्हणजे ‘नीतिमान याजक’, या दोन शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलेले असते.

‘काप्लान’ या आडनावाची कथा आपल्या वाचकांना विशेष वाटेल. लॅटिन भाषेतील ‘कापेलानुस’ म्हणजे एखाद्या छोट्या चॅपेलची सेवा करणारा ख्रिस्ती धर्मगुरू. आपण ज्याला ‘चॅप्लेन’ म्हणतो तो. मध्य व पूर्व युरोपातील कित्येक कोहेन कुटुंबांनी आपल्या याजकपदाचा स्थानिक भाषेत अनुवाद केला आणि ख्रिस्ती समाजातील हा शब्दच आडनाव म्हणून स्वीकारला. उलटपक्षी, आजच्या हिब्रू भाषेत कॅथोलिक धर्मगुरूला ‘कोहेन’ म्हणत नाहीत. त्याच्यासाठी ‘कोमेर’ हा वेगळा शब्द आहे.

नाव असले म्हणजे पुरावा झाला काय?

आडनाव कोहेन असलेला प्रत्येक मनुष्य धर्मशास्त्रानुसार याजकवंशीय असतोच असे नाही आणि प्रत्येक याजकवंशीयाचे आडनाव कोहेन असते असेही नाही. दत्तकविधान, स्थलांतर, नोंद करणाऱ्याची चूक किंवा मातेकडून आलेले आडनाव अशा कारणांनी नाव आणि वंश यांची फारकत होते. पद पित्याकडूनच येते, आडनाव मात्र कोणत्याही वाटेने येऊ शकते.

हा प्रश्न नवा नाही. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले तेव्हाची हकीकत एज्रा ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. काही घराण्यांनी आपण याजक असल्याचे सांगितले, परंतु वंशावळीच्या नोंदींत त्यांची नावे सापडली नाहीत. म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. त्यांपैकी एका घराण्याच्या मूळपुरुषाने गिलादी बर्जिल्लय याच्या कन्येशी विवाह केला होता आणि सासऱ्याच्या घराण्याचे नाव घेतले होते. नाव बदलले आणि पुढच्या पिढ्यांना आपण कोण हे सिद्ध करता आले नाही.

आधुनिक विज्ञानानेही या प्रश्नात लक्ष घातले. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक संशोधन प्रसिद्ध झाले. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्राची तपासणी करता, स्वतःला कोहेन म्हणवणाऱ्या पुरुषांत काही समान खुणा इतर यहुदी पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात आढळल्या. परंपरेमागे पुष्कळसे वास्तव आहे, असे त्यावरून दिसले. मात्र या खुणा सर्वच कोहेनांत नाहीत आणि कोहेन नसलेल्यांतही त्यांपैकी काही आढळतात. तेव्हा कोणी अमुक एक व्यक्ती अहरोनाची वंशज आहे, असे प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

वंशाच्या पुराव्याचा हा प्रश्न आपल्या कोकणच्या लोकांनाही एकदा भोगावा लागला. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांची केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून पडलेली आहेत. अशा आडनावावरून गाव कळते; वंश कळत नाही. हे लोक इस्राएलमध्ये गेल्यानंतर १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा निर्देश काढला. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्या लोकांना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करावे लागणे, हा मोठा अपमान होता. त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने त्यांच्या पूर्ण समानतेची ग्वाही दिली. त्यानंतर त्या निर्देशातील बेने इस्राएलांचा उल्लेखही काढण्यात आला.

आज कोहेन काय करतो?

मंदिर नसले तरी परंपरानिष्ठ यहुदी समाजात कोहेनाकडे काही कर्तव्ये अजून आहेत. सभास्थानात नियमशास्त्राचे वाचन सुरू होते तेव्हा पहिला मान कोहेनाचा, दुसरा लेव्याचा. मातेचा पहिला पुत्र एक महिन्याचा झाला की पिता पाच शेकेल चांदीच्या मोलाची नाणी कोहेनाला देऊन त्याला ‘सोडवून’ घेतो.

सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य म्हणजे आशीर्वाद. गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अहरोन आणि त्याच्या पुत्रांना आशीर्वादाचे शब्द नेमून दिले आहेत. मूळ हिब्रूत हा आशीर्वाद तीन ओळींचा आहे. पहिल्या ओळीत तीन शब्द, दुसऱ्या ओळीत पाच, तिसऱ्या ओळीत सात. परमेश्वराचे रक्षण, त्याच्या मुखाचा प्रकाश आणि त्याची शांती यांची त्यात याचना आहे. १९७९ साली जेरुसलेमजवळील केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत चांदीच्या दोन लहान गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर या आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. अभ्यासक त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाचा शेवट किंवा सहाव्या शतकाचा प्रारंभ असा मानतात.

आशीर्वादापूर्वी लेवी कोहेनाच्या हातांवर पाणी घालतो. कोहेन पादत्राणे काढतो, प्रार्थनेची शाल डोक्यावरून आणि हातांवरून ओढून घेतो आणि बोटांची विशिष्ट मांडणी करून दोन्ही हात उंचावतो. लोक त्याच्याकडे पाहत नाहीत; कारण आशीर्वाद देणारा तो नव्हे. गणना ग्रंथातच परमेश्वराने स्पष्ट केले आहे की याजकांनी त्याचे नाव लोकांवर उच्चारावे, आशीर्वाद तो स्वतः देईल. प्रारंभीच्या प्रार्थनेत कोहेन म्हणतो की लोकांना प्रेमाने आशीर्वाद देण्याची आज्ञा त्याला मिळाली आहे. म्हणून ज्याच्या मनात मंडळीविषयी वैर आहे, त्याने हात उंचावू नयेत, असा दंडक आहे. कोहेनांच्या कबरींच्या शिळेवर हेच दोन उंचावलेले हात कोरलेले दिसतात. लिओनार्ड कोहेन याने सप्टेंबर २००९ मध्ये इस्राएलमधील रामात गान येथील संगीतसभेच्या शेवटी याच हिब्रू शब्दांनी श्रोत्यांना आशीर्वाद दिला होता.

मानाबरोबर बंधनेही येतात. लेवीय ग्रंथाच्या २१ व्या अध्यायानुसार कोहेनाने अगदी जवळच्या आप्तांखेरीज अन्य मृतदेहाजवळ जाऊ नये. म्हणून अनेक कोहेन आजही दफनभूमीत पाऊल ठेवत नाहीत. त्याच अध्यायानुसार त्याने घटस्फोटितेशी विवाह करू नये. परंपरेने धर्मांतर करून यहुदी झालेल्या स्त्रीशीही त्याचा विवाह निषिद्ध मानला आहे. इस्राएलमध्ये यहुद्यांचे विवाह १९५३ च्या कायद्यानुसार धार्मिक न्यायालयांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे असे जोडपे देशात विवाह करू शकत नाही. अनेक जण सायप्रससारख्या ठिकाणी जाऊन नोंदणी करतात. स्वतः फारसा धर्माचरणी नसलेला तरुणही केवळ या वंशात जन्मल्यामुळे अशा पेचात सापडतो. नाव वारशाने मिळते तसे त्याचे ओझेही.

नावासाठी मोजलेली किंमत

या नावामुळे प्राण धोक्यात आल्याचे प्रसंगही इतिहासात आहेत. १४९२ साली स्पेनने यहुद्यांना हद्दपार केले आणि १४९७ साली पोर्तुगालने तेथील यहुद्यांना बळजबरीने बाप्तिस्मा दिला. त्यानंतर तेथे ‘कोहेन’ हे नाव उघडपणे लावणे शक्यच राहिले नाही. या ‘नवख्रिस्ती’ कुटुंबांना त्या देशातील प्रचलित पोर्तुगीज आडनावे मिळाली. आपल्या वसई, मुंबई आणि गोवा भागातील ख्रिस्ती घराण्यांनाही पुढे पोर्तुगीज आडनावेच मिळाली. तीच आडनावे तेथे अनेकांना आपला पूर्वेतिहास झाकण्यासाठी धारण करावी लागली होती. त्यांतील काही कुटुंबे गोव्यातही आली. प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता हे त्यांपैकी एक. त्यांचे निधन १५६८ साली झाले. पुढल्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायासनाने त्यांच्या बहिणीला जाळले आणि १५८० साली वैद्यांच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान वेदनादायक आहे आणि ते झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

विसाव्या शतकात नाझी जर्मनीत यादीतील असे एक आडनाव माणसाला छळछावणीकडे नेण्यास पुरेसे ठरले. अन्य देशांतही नोकरी मिळावी, अवहेलना टळावी म्हणून कित्येकांनी हे नाव बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे यहुदी लोकांविरुद्धच्या द्वेषाचा स्पष्ट निषेध केला आणि ज्या मुळावर आपली श्रद्धा उभी आहे त्याचे स्मरण आपल्याला करून दिले.

नव्या करारातील कोहेन

शुभवर्तमानात आपल्याला कोहेन अनेकदा भेटतात. योहान बाप्तिस्ताचा पिता जखऱ्या हा अबीयाच्या, म्हणजे आठव्या वर्गातील याजक. त्याची पत्नी एलिझाबेथ ही अहरोनाच्या वंशातील. प्रमुख याजक कयफा हाही कोहेनच. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला पाहून दुसऱ्या बाजूने निघून जाणाराही कोहेनच आहे. तरीही प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात याजकांपैकी पुष्कळ जणांनी श्रद्धा स्वीकारल्याचे नमूद आहे. तेव्हा ‘याजकांनी येशूला नाकारले’ असे सरसकट विधान करणे बरोबर नाही.

प्रभू येशू स्वतः मात्र कोहेन नव्हता. तो यहुदाच्या वंशातील. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात लेखकाने हीच अडचण प्रामाणिकपणे मांडली आहे आणि येशूचे याजकपद अहरोनाच्या वंशपरंपरेचे नसून मलकीसदेकाच्या परंपरेचे आहे, असा तिचा उलगडा केला आहे. म्हणूनच कॅथोलिक ख्रिस्तसभेत धर्मगुरुपद पित्याकडून पुत्राकडे जात नाही. ते पाचारणाने आणि दीक्षाविधीने मिळते.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या आरंभी जखऱ्या धूप जाळून मंदिराबाहेर येतो. लोक वाट पाहत उभे आहेत, परंतु त्याची वाचा गेली आहे. त्याला बोलता येत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या अखेरीस, बेथानीजवळ, प्रभू येशू हात उंचावून शिष्यांना आशीर्वाद देतो आणि आशीर्वाद देत असतानाच स्वर्गात घेतला जातो. याजकाच्या ओठांवर थांबलेला आशीर्वाद येशूच्या हातांनी पूर्ण झाला, असे अनेक भाष्यकारांनी दाखवून दिले आहे.

एक कोहेन, कॅथोलिक धर्मगुरू

या नावाचे एक धर्मगुरू आपल्या ख्रिस्तसभेतही होऊन गेले. हर्मन कोहेन यांचा जन्म १८२० साली हॅम्बुर्ग येथील यहुदी कुटुंबात झाला. पियानोवादनात ते लहानपणीच निपुण झाले आणि पॅरिसमध्ये फ्रान्झ लिस्ट यांचे शिष्य बनले. मे १८४७ मध्ये एका मित्राच्या विनंतीवरून त्यांनी तेथील चर्चमध्ये गायकवृंदाचे संचालन केले. परमपवित्र साक्रामेंताचा आशीर्वाद दिला जात असताना त्यांचे अंतःकरण हेलावले. त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डिसेंबर १८४८ मध्ये त्यांनी पॅरिस येथे रात्रीच्या साक्रामेंतभक्तीचा प्रारंभ केला. पुढे ते कार्मेल संघात दाखल झाले आणि १८५१ साली धर्मगुरू झाले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात बर्लिनजवळील श्पांडाऊ येथे ते फ्रेंच युद्धकैद्यांची सेवा करीत होते. देवीच्या रोगाने आजारी असलेल्या कैद्यांना साक्रामेंते देताना त्यांनाही तो रोग जडला आणि जानेवारी १८७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आडनावाचा जो अर्थ, ते त्यांच्या मरणाचे कारण ठरले.

आपल्यासाठी

प्रिय भाविकांनो, दरवर्षी १ जानेवारीला, देवमाता मरियेच्या सोहळ्याच्या मिस्साबलिदानात आपण जे पहिले वाचन ऐकतो, ते गणना ग्रंथातील हाच अहरोनाचा आशीर्वाद आहे. आपले नवे वर्ष कोहेनांच्या शब्दांनी सुरू होते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते? पुढच्या वेळी ते वाचन कानी पडेल तेव्हा जगभरातील सभास्थानांत हेच शब्द उच्चारणाऱ्या आपल्या ज्येष्ठ बांधवांचे स्मरण करावे.

संत पेत्राच्या पहिल्या पत्राप्रमाणे बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजकीय प्रजेचा घटक आहे आणि विश्वपरिषदेनेही तीच शिकवण दिली आहे. आपल्या दाखल्यावर ‘कोहेन’ असे लिहिलेले नाही. परंतु मुलांच्या कपाळावर क्रुसाची खूण करणारी माता, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणणारा शेजारी, भांडण मिटवून मगच वेदीकडे येणारा भाऊ ही सर्व त्या नावाचीच कामे करीत असतात. प्रेमाने आशीर्वाद देण्याची आज्ञा आपल्यालाही आहे. मनात कोणाविषयी वैर असेल, तर आधी ते दूर करून मग हात उंचावू या.